धुऱ्यावरून : कोणतं औषध?



पोळा होऊन आठ-दहा दिवस झाले असतील, तेव्हाची ही गोष्ट. पऱ्हाटी पात्या-फुलांवर आली होती, आभाळ भरून होतं आणि गावात ज्याच्या-त्याच्या पाठीवर पंप होता. आमच्या घरापासून चार घरं सोडून एक कुटुंब राहतं. पाच एकर कोरडवाहू, एक बैलजोडी, म्हातारी माय, नवरा-बायको आणि अडीच वर्षांचं पोट्टं. नावं सांगत नाही. केळझर काही फार मोठं गाव नाही, आणि त्यांनी भोगलं तेवढं पुरे.

घरधनी सांजच्याला वावरातून आला. डब्याचं झाकण तुटलं म्हणून उरलेलं औषध त्यानं थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत ओतून आणलं होतं. ती बाटली ओसरीच्या कोनाड्यात ठेवली आणि तो हातपाय धुवायला गेला. इतकाच वेळ. पोराला वाटलं, बापानं आपल्यासाठी काही गोड आणलं. म्हातारीनं पाहिलं, तेव्हा ते तोंड वाकडं करून उभं होतं आणि सदऱ्यावर ओघळ आला होता.

“माय वो! पोट्ट्यानं औषध पेलं!”

त्या हाकेसरशी अर्धी आळी अंगणात जमली. कोणी म्हणालं मीठपाणी पाजा, उलटी होऊन जाईल. कोणी म्हणालं दूध द्या. कोणी तूप आणायला पळालं. तेवढ्यात गल्लीतली आशाताई आली. ती ओरडलीच, “काहीच पाजू नोका! अगुदर त्याचे कपडे काढा, अंग साबणानं धुवा, अन् गाडी काढा!” त्या बाईच्या शहाणपणाला माझा नमस्कार.

वर्ध्याच्या दवाखान्यात पोचले. तिथल्या डॉक्टरनं पहिला प्रश्न विचारला, “काय प्यायलं?”

“औषध.”

“कोणतं औषध?”

“पऱ्हाटीवर मारतो ते.”

“अहो भाऊ, पऱ्हाटीवर मारायची पन्नास औषधं आहेत. नाव सांगा.”

बाप गप्प. दुकानदारानं ‘हे मारा’ म्हटलं, यानं मारलं. नाव कोण वाचतो? मग घरी फोन झाला. धाकटा भाऊ टॉर्च घेऊन वावरात गेला. टाकलेला डबा शोधायला तासभर गेला. नाल्याच्या काठी सापडला. चिठ्ठी अर्धी फाटलेली, पण नाव शाबूत होतं. त्यानं मोबाइलवर फोटो काढून पाठवला. तोवर डॉक्टर हातावर हात धरून बसले नव्हते. पोराच्या डोळ्यांच्या बाहुल्या, तोंडाची लाळ, श्वास पाहून त्यांनी इलाज सुरू केला होता. पण नाव कळल्यावर पुढं काय होऊ शकतं आणि किती दिवस डोळ्यांत तेल घालून पाहायचं, हे पक्कं झालं. चौथ्या दिवशी पोरगं घरी आलं. आता अंगणवाडीत जातं आणि भांडणं करतं.

पुढं एकदा त्या डॉक्टरांची गाठ पडली. मी म्हणालो, “साहेब, तुम्ही वाचवलं.” ते म्हणाले, “काका, नशिबानं वाचलं. विषं हजारो आहेत. आम्हाला सगळी पाठ नसतात. आम्हालाही कोणाला तरी विचारावं लागतं.”

मंडळी, आजचा विषय हाच. विषाची चौकशी कोणाकडे करायची?

या कामासाठी जगात खास केंद्रं असतात. त्यांना विष माहिती केंद्र म्हणतात. केंद्र म्हटलं की आपल्याला मोठी इमारत आठवते, पण हे तसं नाही. एक खोली, एक-दोन फोन, पुस्तकं आणि संगणक, आणि पाळीपाळीनं रात्रंदिवस जागी राहणारी जाणती माणसं. फोन आला की ती विचारतात : काय घेतलं, किती घेतलं, कधी घेतलं, माणसाचं वय-वजन काय, आता काय होतंय? मग सांगतात : घाबरू नका, घरीच लक्ष ठेवा, किंवा असाल तसे उठा आणि दवाखाना गाठा. डॉक्टरनं फोन केला तर उतारा कोणता, किती आणि काय टाळायचं हे सांगतात. सातबाराचा उतारा काढायला तलाठी आहे. विषाचा उतारा सांगणारा माणूस मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे.

असं केंद्र अमेरिकेत शिकागो शहरी १९५३ साली सुरू झालं. घरात नवी नवी रसायनं आली होती, पोरं ती पीत होती आणि डबड्यात काय आहे हे डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. म्हणून कोणत्या मालात काय आहे याची यादी जमवून ठेवायची कल्पना निघाली. इंग्लंडात ही सेवा १९६३ साली आली. आपल्या देशात दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत, म्हणजे ‘एम्स’मध्ये, राष्ट्रीय विष माहिती केंद्र १९९५ साली उघडलं. ते चोवीस तास चालतं, डॉक्टरलाही सांगतं आणि तुम्हा-आम्हालाही. फोनला पैसे पडत नाहीत. नंबर आहे १८०० ११६ ११७.

आता एक आकडा ऐका. त्या केंद्रानं १९९९ ते २००२ या तीन वर्षांच्या फोनांचा हिशेब छापला होता. अवघ्या देशातून तीन वर्षांत आलेले फोन सुमारे २,७००. म्हणजे दिवसाला दोन-तीन. त्यांतले सर्वांत जास्त फोन घरातल्या वस्तूंबद्दलचे होते. शेतीच्या औषधांबद्दलचे शंभरात तेरा. तिकडं अमेरिकेच्या केंद्रांना वर्षाला वीस लाखांवर फोन येतात. आपल्याकडं विषबाधा कमी म्हणून फोन कमी, असं कोणी म्हणू नये. शेतात फवारणारे आपण, मरणारे आपण, आणि फोन करणारे दुसरेच. कारण नंबर आपल्यापर्यंत आलाच नाही.

अशा केंद्राला पैसा का मिळत नाही, हे समजून घ्यायला फार शिकावं लागत नाही. पूल बांधला तर नारळ फोडता येतो. यंत्र आणलं तर फोटो निघतो. इथं काय दाखवायचं? कोणी फोन केला, सल्ला मिळाला, पोरगं घरीच बरं झालं. दवाखान्याच्या वहीत नोंद नाही, बिल नाही, पावती नाही. खर्चाच्या रकान्यात मात्र पगार दर महिन्याला दिसतात. वाचलेल्या माणसाचा रकाना कोणत्याच वहीत नसतो. म्हणून काटछाट करायची वेळ आली की साहेबाची पेन्सिल आधी इथंच येते.

अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातही हेच झालं. तिथं एके काळी अशी शेकडो लहान-मोठी केंद्रं होती. आता थोडीच उरली आहेत, त्यांत काही केंद्रं एकत्र केली म्हणून तर काही पैशावाचून बंद पडली म्हणून. लुइझियाना नावाच्या राज्यानं १९८८ साली आपल्या केंद्राचा पैसा थांबवला आणि ते बंद झालं. लोकांनी मग काय करावं? विचारायला कोणी नाही, म्हणून जो-तो उठून दवाखान्यात धावू लागला. ज्याला घरीच बरं वाटलं असतं तोही गेला. हिशेब केला तेव्हा दिसलं की केंद्रावर वाचवला त्याहून जास्त पैसा या धावपळीत गेला. शेवटी तिथल्या मध्यवर्ती सरकारला २००० साली कायदा करून या केंद्रांना हात द्यावा लागला. पुढं २०१२ साली एक मोठा अहवाल निघाला. त्यात म्हटलं की अशा केंद्रावर एक डॉलर खर्च केला तर तेरा डॉलर वाचतात. रुपयाला तेरा रुपये! आपली तूर कधी एवढी पिकली का? आणि तरीही दर अंदाजपत्रकाला तिथल्या केंद्रांना झोळी पसरावी लागते. जगात निम्म्याहून जास्त देशांत तर असं केंद्रच नाही.

ती अमेरिका झाली. आपल्या देशानं ‘कोणतं औषध?’ या प्रश्नाची किंमत तीनदा तरी फार मोठी मोजली आहे.

पहिली गोष्ट १९५८ सालची, केरळातली. माल वाहताना पिठाला फॉलिडॉल लागलं. म्हाताऱ्या मंडळींना हे नाव आठवत असेल. ते पीठ खाऊन शंभरावर माणसं मेली. चौकशी बसली, न्यायमूर्ती शहांच्या आयोगानं अहवाल दिला. त्यातून कीटकनाशकांचा कायदा आला, पण कधी? १९६८ साली. नियम यायला १९७१ उजाडलं. आज डब्यावर कोपऱ्यावर उभा केलेला जो चौकोन असतो, त्याच्या खालच्या अर्ध्यात तांबडा, पिवळा, निळा नाहीतर हिरवा रंग असतो, ती त्या कायद्याची देणगी. तांबडा सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे, चौघांत धाकटा एवढंच.

दुसरी गोष्ट १९८४ सालची भोपाळची. दोन डिसेंबरच्या रात्री वायू सुटला आणि माणसं हजारोंनी दवाखान्यात आली. तिथले डॉक्टर विचारत राहिले की वायू कोणता, उतारा कोणता? नीट उत्तर देणारं कोणी नव्हतं. त्या रात्री औषधांचा तुटवडा होता तसा माहितीचाही होता, आणि माहितीवाचूनही माणसं मेली.

तिसरी गोष्ट आपल्या शेजारची. २०१७ चा पावसाळा, यवतमाळ जिल्हा. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या उंचीला गेली होती. हवा कोंदट. पंपाची फवार बारीक, थेट तोंडावर येणारी. दोन-तीन औषधं एकत्र करून मारलेली. महिना-दोन महिन्यांत शेकडो शेतकरी आणि मजूर दवाखान्यात गेले आणि वीसहून जास्त माणसं दगावली. कोणाची दृष्टी अंधुक झाली, कोणी भ्रमिष्टासारखं करू लागलं. सरकारनं अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या हाताखाली चौकशी पथक नेमलं. अशा विषबाधेत रक्ताची एक तपासणी लागते, कोलिनेस्टरेजची. आपल्या शरीरात नसा आणि स्नायू यांच्यामधला निरोप संपला की तो पुसून टाकणारा एक पदार्थ असतो. फॉस्फरसवाली औषधं त्यालाच बांधून ठेवतात. मग निरोप पुसलाच जात नाही : लाळ गळते, घाम सुटतो, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, स्नायू फडफडतात, छातीत पाणी झाल्यागत श्वास कोंडतो. यावर अ‍ॅट्रोपिन नावाचा उतारा आहे. पण दुसऱ्या जातीच्या औषधाला हाच उतारा चालेल असं नाही. म्हणून तपासणी लागते आणि नावही लागतं. ती तपासणी त्या वेळी यवतमाळात होत नव्हती, हे पुढं उघड झालं. आणि नाव? मजुराला कोण सांगतो नाव? मालक म्हणतो, “टाकीत औषध आहे, मार.”

या तिन्ही गोष्टींत आणि आमच्या आळीतल्या गोष्टीत तो शब्द एकच आहे : औषध. बापाच्या तोंडी औषध, आजीच्या तोंडी औषध, दुकानाच्या पाटीवरही औषध. आपण विषाला औषध म्हणतो, म्हणून ते कोनाड्यात ठेवतो, उशाशी ठेवतो, सर्दीच्या बाटलीशेजारी ठेवतो. नाव बदला म्हणून मी सांगत नाही. जिभेची सवय जाणार नाही. पण घरात लेकरांसमोर बोलताना तरी त्याला विषच म्हणा.

आता कोणी म्हणेल, ‘आमच्यासारख्या खेड्यात ज्ञान कुठून येणार?’ ज्ञान खेड्यातही होतं, मंडळी. डॉ. हिंमतराव बावस्कर हे आपल्याच राज्यातले. कोकणात रायगड जिल्ह्यातल्या सरकारी आरोग्य केंद्रात नोकरीला असताना त्यांनी पाहिलं की लाल विंचू चावून माणसं मरतात, आणि कोणालाच इलाज ठाऊक नाही. ते रोग्यांच्या उशाशी बसले, रात्र-रात्र नोंदी केल्या. रक्तदाबाची एक स्वस्त गोळी, प्राझोसिन, विंचवाच्या विषावर चालते हे त्यांनी दाखवलं. जिथं शंभरात चाळीस मरत, तिथं एखादाच दगावू लागला. पण हे ज्ञान महाडच्या डॉक्टरजवळ राहून भागत नाही. ते रात्री दोन वाजता कुठल्याही आरोग्य केंद्रात बसलेल्या नव्या डॉक्टरच्या कानी पडलं पाहिजे. ते काम विष माहिती केंद्राचं.

आमच्या केळझरला जुनी माणसं एकचक्रानगरी म्हणतात. बकासुराची गोष्ट इथलीच, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. रोज एका घरचा गाडाभर भात, दोन रेडे आणि एक माणूस त्या राक्षसाला जायचा. मला त्या गोष्टीत राक्षसापेक्षा गावाचंच नवल वाटतं. अख्खं गाव होतं, पण रोज एकच घर रडायचं. बाकीची म्हणायची, आज आपली पाळी नाही. फवारणीचं तसंच झालं आहे. यंदा अमक्याच्या घरी, पुढल्या वर्षी तमक्याच्या. चार दिवस हळहळ, मग ज्याचा-त्याचा पंप ज्याच्या-त्याच्या पाठीवर. भीमालाही दुर्योधनानं विष चारलं होतं आणि तो नागांच्या दंशानं वाचला, अशी कथा आहे. ते भीमाला चाललं. आपण मात्र विषावर घरगुती उतारे करू नयेत.

मग मागायचं काय? माझं म्हणणं असं. विदर्भात कापूस आहे, फवारणी आहे, आणि सेवाग्राम, सावंगी, नागपूर, यवतमाळ इथं मोठमोठी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. त्यांतल्या एका ठिकाणी आपल्या बोलीत उत्तर देणारं चोवीस तासांचं विष माहिती केंद्र असावं. आमची बुढी घाबरलेली असताना दिल्लीशी हिंदीत बोलायला बसणार नाही. तिला “पेलं” म्हटलेलं कळणारा माणूस हवा. खर्च कोणी करावा? जो माल विकतो त्यानं. डब्यामागं थोडा पैसा बाजूला काढला तर सरकारपुढं हात पसरावा लागणार नाही, आणि दर साल पेन्सिलीची भीतीही राहणार नाही. ग्रामसभेत ठराव करा, आमदाराला द्या, जिल्हा परिषदेला द्या. एका गावाचा कागद फायलीत दबतो. पन्नास गावांचे कागद दाबायला मोठी फाईल लागते.

एक गोष्ट मात्र खरी की कागद फिरून येईपर्यंत पोरं थांबणार नाहीत. तेव्हा आजच्या आज हे करा :

१. औषध त्याच्या मूळ डब्यातच ठेवा, कुलपात ठेवा. खाण्यापिण्याच्या बाटलीत कधीही ओतू नका. धान्यात ठेवायच्या गोळ्या झोपायच्या खोलीत नकोत. त्यांच्या वायूनं झोपलेली माणसं गेली आहेत.

२. फवारणीला निघताना डब्याच्या चिठ्ठीचा मोबाइलवर फोटो काढा. मजुरालाही नाव सांगा. डबा आणि आतला कागद हंगाम संपेपर्यंत कुलपातच जपून ठेवा.

३. विष पोटात गेलं तर मीठपाणी, दूध, तूप, तेल काही देऊ नका. बोटं घालून उलटी करवू नका. ती श्वासनळीत जाते. कपडे काढा, अंग साबणानं धुवा, धुणाऱ्यानं हातात पिशवी किंवा मोजे घालावेत. बेशुद्ध माणसाला कुशीवर निजवा.

४. श्वास लागत असेल, झटके येत असतील, गुंगी असेल तर आधी १०८ ला फोन, नाहीतर मिळेल ती गाडी. १८०० ११६ ११७ वर वाटेत विचारा, पण फोनच्या नादात दवाखान्याला उशीर करू नका. जाताना डबा सोबत न्या.

५. फवारताना मळमळ, डोकेदुखी, अंधारी आली की काम थांबवा. ‘एवढी ओळ संपवतो’ म्हणू नका.

६. घरात कोणी दुःखाच्या, रागाच्या भरात घेतलं असेल तर पोलिसांच्या भीतीनं लपवू नका, ‘चुकून गेलं’ म्हणून डॉक्टरला फसवू नका. २०१७ च्या कायद्यानं अशा माणसाला शिक्षा नाही, उपचाराचा आणि आधाराचा हक्क दिला आहे. आणि तो माणूस घरी आल्यावर त्याला बोल लावू नका, जवळ बसा.

आमच्या आळीतल्या त्या घरी आता दाराच्या मागं खडूनं दोन्ही नंबर लिहिले आहेत. म्हातारीला वाचता येत नाही. पण तिनं जागा पाठ केली आहे. कोणी पाहुणा आला की ती बोट दाखवून सांगते, “हे पाय बावा, हे माह्या नातवाचं हाय. तूही लिहून घे.” मी तुम्हाला तिच्या वतीनं तेच सांगतो. हा अंक खाली ठेवायच्या आधी लिहून घ्या.

पुढच्या आठवड्यात भेटूच. तोवर तोंडाला फडकं बांधा, वाऱ्याकडं पाठ ठेवा आणि जपून राहा.